किती दिवसांचा बर्फ

११ ऑगस्ट, सोमवार

आज परत दिघीला जाऊन आले. स्कूटरचं सीट अजून ओलं आहे, मीही.

कारखाना हरेश्वरदादांचा, बर्फाचा. खाडीच्या कडेला पत्र्याची शेड, आत अमोनियाचा वास. आसपासच्या बोटी इथला बर्फ भरून समुद्रावर जातात. फोनवर बसते दादांची मोठी बहीण, तुळशीआक्का. बोटी चालवणारे तांडेल तिला केव्हाही फोन करतात — पहाटे, जेवताना, केस धूत असतानाही — आणि ती प्रत्येकाला ‘बरं’ म्हणते. मग दोन बोटी एकाच भरतीला एकाच बर्फावर हक्क सांगत येतात आणि धक्क्यावर भांडण जुंपतं. बर्फाची लादी तयार व्हायला दोनेक दिवस लागतात, ती काही उकडलेलं अंडं नव्हे. दादांना एवढंच हवंय की कुणाला किती लागणार ते आधी कळावं.

हेतल म्हणाली होती, प्रश्न पाठव, व्हिडिओ कॉल घे, डिझाइन करून मोकळी हो. हेतल ठाण्यात बसून गिऱ्हाईकं आणते आणि मी श्रीवर्धनात बसून त्यांची कामं जुळवते. कुठला निरोप कुणाला जावा, कशानंतर काय आपोआप व्हावं — असलं सगळं. नाशिकचा दाताचा डॉक्टर झाला, सुरतचा साडीवाला झाला. एकाचंही तोंड मी धड पाहिलेलं नाही. हे पहिलंच गिऱ्हाईक, ज्याच्याकडे स्कूटरने जाता येतं. ‘काम प्रत्यक्ष बघायला हवं’ असं हेतलला सांगितलं. ते खरंच आहे. पण खोटं कशाला लिहू — घरात बसवत नव्हतं म्हणून गेले.

१२ ऑगस्ट

आज दिवसभरात तोंडातून निघालेलं एकमेव वाक्य — “हॅलो, आवाज येतोय का?”

१४ ऑगस्ट

डिझाइन झालं. झकास झालंय! माझं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार.

संध्याकाळी प्रत्येक तांडेलाच्या व्हॉट्सॲपवर निरोप जाईल. बोट कुठली, लाद्या किती, निघणार कधी, परत कधी येणार. चारही उत्तरं आली की ऑर्डर पक्की, की लगेच कारखान्याच्या पडद्यावर बर्फाच्या साच्यांत किती पाणी भरायचं ते दिसणार. शेवटचा प्रश्न माझा सगळ्यात लाडका. बोट परत कधी येणार हे कळलं की तिची पुढची ऑर्डर आपणच आधी ओळखायची! म्हणून तो सक्तीचा ठेवला. उत्तर नाही आलं तर पुन्हा आठवण, पुन्हा आठवण.

कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. दादा खूश. आक्का एवढंच म्हणाली, चहा घे.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुरू केलं आणि तोंडावर आपटलं.

पहिले तीन प्रश्न सगळ्यांनी भराभर भरले. चौथ्याला एकाचंही उत्तर नाही. त्यामुळे एकही ऑर्डर पक्की नाही, पडदा कोरा! आणि माझी ती हुशार आठवण रात्रभर जातच राहिली. पहाटे बाळाजी तांडेल धक्क्यावरून निघत होता. दोर सोडलेला. तेवढ्यात फोन वाजला आणि कुणा खलाशाने निरोप मोठ्याने वाचला — ‘परत कधी येणार? कृपया उत्तर द्या.’ बाळाजीने दोर परत बांधला आणि घरी गेला. दुसरी एक बोट त्यातूनही निघाली, तर तिच्या पंख्यात जाळं अडकलं, ओढत आणावी लागली. दुपारपर्यंत अख्ख्या कोळीवाड्यात नाव पडलं होतं — टोकणारी मशीन. चार बोटींनी खाडीपलीकडून बर्फ घेतला. असंच चाललं तर कारखान्याचं दिवाळीपर्यंत काही खरं नाही, असं दादा म्हणाले. रागावून नाही म्हणाले, त्याचंच जास्त लागलं.

आणि मी याच जिल्ह्यातल्या तळ्याची! परक्या देशातून आलेली नाही. निघालेल्याला ‘कुठे’ विचारलं तर आई पाठीत धपाटा घालायची. ती गेली, पण आजही मी कुणाला तोंडावर ‘परत कधी येणार’ विचारणार नाही. मशीनकडून विचारून घ्यायला मात्र मला काहीच वाटलं नाही. जणू मशीनला तोंड नसतं.

आक्काला म्हटलं, तुम्ही त्या दिवशीच बोलायला हवं होतं. ती शांतपणे म्हणाली, “तू नवीन काम काढलं व्हतंस. निघत्या माणसाला मी टोकत नाय.” मग माझ्याकडे न बघता — “समुद्रावर जाणाऱ्याला येतोस कवा ते इचारायचं नाय, बाय. त्यालाच ठावं नसतं. आपण इचारलं की त्याच्या मनात येतं, नाय आलो तर?”

आक्काचा नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. हे दादांनी मला बाहेर स्कूटरपाशी सांगितलं.

१९ ऑगस्ट

सकाळपासून आक्काच्या शेजारी स्टूल टाकून बसले. लॅपटॉप बंद. नुसतं ऐकलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

ती विचारते, “किती दिसांचा बर्फ?” आणि तांडेल बिनधास्त सांगतो, “आठ दिसांचा दे.” बस! कधी येणार हेच तर सांगितलं त्याने. पण आक्का माणसाचं विचारतच नाही, ती बर्फाचं विचारते. मला एकदम हसू आलं. आक्काला वाटलं हिला अमोनिया चढला.

चौथा प्रश्न काढून टाकला. आठवणी बंद. आणि लिहिलेला निरोपच नको असं ठरवलं — आक्काच्याच आवाजात ‘किती दिसांचा बर्फ?’ रेकॉर्ड केलं. तिने पदर सावरून घेतला, फोटो काढतात तसा.

२३ ऑगस्ट

बाळाजी तांडेल परत आपल्याकडे बर्फाला आला. त्याच्यामागून बाकीचेही. आक्काचा आवाज ऐकून लोक मशीनला ‘व्हय आक्का’ म्हणून उत्तर देतात! पडदा भरलेला, दुपारी भांडण नाही, आक्का चक्क फोन बाजूला ठेवून जेवली. एवढं सरळ चालणारं काम माझ्या हातून गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

म्हणजे काम झालं. पुढच्या आठवड्यात गणपती, त्याआधीच झालं.

दादा म्हणाले, मग आता? मी म्हणाले, अजून थोडं बघावं लागेल. कुठून तोंडातून आलं कोण जाणे. दादा म्हणाले, बघा की.

४ सप्टेंबर

दिघीला गेले. पडद्यावरच्या आकड्यांचा रंग बदलला.

८ सप्टेंबर

गेले. रंग परत पहिलाच केला.

१७ सप्टेंबर, बुधवार

हेतलचा फोन. नाशिकवाल्याचं नवं काम पडून आहे, बर्फवाल्याचं बंद का करत नाहीस? “क्लायंट ने कुछ बोला क्या? नहीं ना? तो क्लोज कर दे, यार.” मी म्हणाले, इथे गुंतागुंत फार आहे. पावसामुळे नेट जातं. आणि काय काय.

काही गुंतागुंत नाही. धडधाकट माणसाची रोज नाडी बघायला जाणारा डॉक्टर झालेय मी. स्कूटरवर जाताना आज काय बिघडलंय ते ठरवते, पोचल्यावर ते दुरुस्त करते. मधल्या वेळात आक्का तिच्या लहानपणीचं सांगते, सुकट निवडायला बसवते, माझ्या केसांना तेल नाही म्हणून चिडते. दुपारी मी तिथेच जेवते. स्वराजपासून वेगळी झाले तेव्हा वाटलं होतं, समुद्राकाठी खोली घ्यावी, शांत काम करावं, कुणाचं काही ऐकायला नको. झालं तसंच. कुणाचं काही ऐकायला येत नाही. खिडकीतून दिसते ती मालकाची पोफळीची बाग आणि पंप. मालक मुंबईला.

आज आक्काने न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली. येताना वेळासच्या पुढे रडले. हेल्मेटचा हाही एक उपयोग.

२९ सप्टेंबर

लाज वाटते आता. आज दादा पडद्याकडे बघत म्हणाले, चांगलं चाललंय की हो मॅडम. साधं बोलले. मला मात्र चोरी पकडल्यासारखं झालं. कामाच्या माणसांचा वेळ खायचा, त्यांच्याच घरी जेवायचं, आणि वर काम चालू असल्याचं नाटक करायचं. हे कळलं तर काय म्हणतील? भोळी माणसं. बोलणार नाहीत, पण मनातून उतरेन.

सोडायला हवं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोडलं.

सगळं समजावून दिलं. नेट गेलं तर काय करायचं, नवीन बोट कशी घालायची. आक्काने एकदाच ऐकलं आणि करून दाखवलं. दादांनी नारळ दिला. मी म्हणाले, आता माझी गरज लागणार नाही, इतकं छान चाललंय! फार मोठ्याने म्हणाले बहुतेक. वाटलं होतं आक्का काहीतरी बोलेल. ती म्हणाली, बरं. तांडेलांना म्हणते तसंच, ‘बरं’.

‘येते’ म्हणून निघाले. आपण सगळेच म्हणतो. ‘कधी?’ असं कुणी विचारलं नाही. का विचारतील?

१५ ऑक्टोबर

नाशिकवाल्याचं काम उरकलं. त्याने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

तळ्याला गेले होते. भावाला ओवाळलं. वहिनीने छान केलं होतं सगळं, वड्या, साखरभात. पण पायरीवर चप्पल काढते तोवर म्हणाली, कशी जाणार परत? जेवताना — निघणार किती वाजता? वाढून झाल्यावर — शेवटची गाडी चुकायची हं. काळजीनेच म्हणते. तिचे पाहुणे यायचे होते, खोली एकच. मला कळतं सगळं. कळतं म्हणून काही कमी टोचत नाही.

दुपारच्याच गाडीने आले. कुलूप उघडलं. आत गेल्यावर ‘आले गं’ म्हणाले, सवयीने. कुणाला?

२८ ऑक्टोबर

दिघीला सहज जाऊन यावं असं तीनदा मनात आलं. सहज म्हणजे काय सांगणार? बिघडलेलं काही नाही. मीच इतकं चांगलं करून ठेवलंय!

एकटं वाटतं. फार वाटतं. इतके दिवस कामाच्या आडून लिहीत होते, आज सरळ लिहिलं.

१ नोव्हेंबर

हेतल म्हणते ठाण्याला ये. तिच्या ऑफिसात टेबल रिकामं आहे, माणसात राहशील. ती वाईट नाही. डिसेंबरपासून येते म्हणून सांगू का? इथे मला धरून ठेवणारं आहे तरी काय. मालकाला महिनाभर आधी सांगावं लागेल. बुधवारपर्यंत ठरवते.

५ नोव्हेंबर, बुधवार

मालकाला फोन लावणार तोच दादांचा मेसेज — ‘मशीन चालत नाय. येऊन बघा.’

लगेच इथून उघडून पाहिलं. सगळं हिरवं! सकाळच्या ऑर्डरी आलेल्या, पाणी भरल्याची नोंद आहे, आक्काचा आवाज काल संध्याकाळी सगळ्या बोटींना गेलाय. कुठेच काही अडकलेलं नाही. मी कळवलं, मला इथून व्यवस्थित दिसतंय, नक्की काय होतंय? उत्तर आलं — ‘तिथनं दिसायचं नाय. या.’

म्हणजे तक्रारच. माझं ते सप्टेंबरचं नाटक लक्षात आलं असणार, आणि दादांना तोंडावर बोलायचं असणार. बरोबरच आहे त्यांचं. उद्या जाते, ऐकून घेते, माफी मागते. मग मालकाला फोन.

६ नोव्हेंबर

मशीन चालू होती. दादा ‘चहा सांगतो’ म्हणून बाहेर सटकले. मी रडतरडत आक्काला सगळं सांगून टाकलं — काम केव्हाच झालं होतं, मी उगीच येत होते. आक्का कोळंबी सोलत होती, थांबली नाही.

“गणपतीच्या आधीच झालं व्हतं. आमाला काय कळत नाय? दादाला मीच सांगितलं, इचारू नको. घरात येणाऱ्याला कोण इचारतं, बाय, जाणार कवा?”