व्हॅलेरियनच्या पाठीचे मार्क

३ फेब्रुवारी १९५३, सकाळ
नर्स म्हणून चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळले. रिटायर होऊन वसईला आले, तर थोरल्या भावाचं, व्हॅलेरियनचं, डावं अंग लुळं पडलेलं. एका कुशीवर पडून पडून बेडसोअरची जखम कुणाला होणार, हे मी दारातूनच ओळखते. तरी पद्धत म्हणून कागद केला: वजन, भूक, कातडी, मन. प्रत्येकी दहा मार्क. व्हॅलेरियनला चाळीसपैकी अडतीस! धोका नाही. कागद येशूच्या, सेक्रेड हार्टच्या तसबिरीखाली लावला.
निश्चय: दर दोन तासांनी त्याची कूस बदलणे.

५ फेब्रुवारी
दोन तासांचा नियम हाडकुळ्यांसाठी. अडतीसवाल्याला चार चालतील. दुपारची झोप मलाही हवीच.

८ फेब्रुवारी
होळी गावची शांता वांगी घेऊन आली. भाजीचा मळा करते, अक्षरओळख नाही, पण मतं भरपूर. म्हणाली, "सिस्टरबाई, आम्ही भोपळासुद्धा जमिनीवर पालटत राहतो, नाहीतर बूड कुजतं. भावाला कधी पालटलंत?" मी सुनावलं, माझा भाऊ भोपळा नाही. व्हॅलेरियन हसला. जरा कण्हत हसला, पण हसला. मनाचा एक मार्क वाढवला.

१० फेब्रुवारी
फक्त इथे लिहिते. कातडीचे दहा मार्क मी हात बघून दिले. पाठ इनेझवहिनी पुसते. परक्या पुरुषांच्या हजार पाठी पाहिल्या, पण थोरल्या भावाचा सदरा वर करायला हात धजत नाही. त्यात गैर काय? बायको आहे की त्याची.

१२ फेब्रुवारी
वहिनीला विचारलं, पाठ कशी आहे? म्हणाली, "नणंदबाई, मला मोतीबिंदू. पाठ आहे, एवढंच कळतं." हे आधी सांगायला नको? बेजबाबदार बाई! उद्या स्वतः बघेन.

१३ फेब्रुवारी
शुक्रवार. आज मटण वर्ज्य, म्हणून नुसता वरणभात. अंगात जोर नाही. उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी
रविवार. चर्चमध्ये मिस्सा लांबली.

१६ फेब्रुवारी, सकाळी ९
चादरीला वास आला. तो वास मला चौतीस वर्षं ठाऊक आहे. सदरा वर केला. माकडहाडाशी रुपयाएवढी जखम, कडा काळ्या.
बोलला का नाहीस, म्हणून त्याच्यावरच ओरडले. म्हणाला, आठवडाभर दुखतंय. पण इझाबेल, येईल त्याला तू तो कागद वाचून दाखवत होतीस. तुला लोकांत खोटं कसं पाडू?
मग त्यानं हळूच विचारलं, फार मोठी आहे का गं?
नाही, म्हणाले.