गिटारच्या एक आवर्तन आधी

१४ नोव्हेंबर १९८२, रविवार

जिवंत माणसाचं नाव मी मेलेल्यांत घेतलं! काल, अमाओफो गावात, भर दुपारी, माईकवर.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. एका म्हातारीच्या मातीचं कार्य होतं. बँड माझाच. अशा वेळी मी आधी जमिनीवर जिन दारूचे थेंब सोडते आणि गावच्या गेलेल्यांची नावं घेते — पुढे गेलात, आमची जागा धरून ठेवा. मग बोनिफेसची गिटार एक आवर्तन एकटी वाजते. ते संपलं की जिवंत मानकऱ्यांची नावं. एकोणीस वर्षं हे असंच. काल मी गिटारची वाटच बघितली नाही. गेलेल्यांच्या ओळीत सरळ न्झे ओकोरोजी! न्झे ही पदवी मिरवणारा, गावचा सगळ्यात मोठा मानकरी! आणि वर, जागा धरून ठेवा!

एक माणूस माझ्या कपाळाला बक्षिसाची नोट चिकटवायला आला होता. त्याचा हात तसाच वर राहिला. म्हातारा स्वतः नव्हता, नाहीतर मी तिथेच मेले असते.

बोनिफेस गाडीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्याला पुरलंत की हो."

१५ नोव्हेंबर

जेवण जात नाही. आठवून आठवून अंगावर काटा येतो.

१७ नोव्हेंबर

लिव्हिनस आला. म्हाताऱ्याचा मधला मुलगा, इथे ओवेरीत सिमेंटचा व्यापार करतो. सोबत दोन चुलते. मी कोला पुढे केला, पाहुण्यांसोबत फोडून खायचं ते कडू बी. कुणी फोडला नाही! कोला न फोडता बसलेले पाहुणे — म्हणजे भांडायलाच आलेले.

"तुला कुणी सांगितलं?" लिव्हिनसचं हेच पालुपद.

"कुणी काय सांगायचंय? चुकले मी. जीभ पुढे पळाली."

"आमच्या घरातलं कुणी बोललं का?"

"नाही हो, देवाशपथ! कसे आहेत ते?"

"बरे आहेत. आराम करतायत."

धाकटा चुलता काठी आपटून म्हणाला, "त्याला काही झालं ना, तर ते तुझ्या तोंडाने झालं. मग आमच्या लेकी येतील तुझ्या दारात."

उमुआडा! सासरी गेलेल्या त्या घरच्या सगळ्या लेकी. एकदा एखाद्याच्या घरी ठाण मांडलं की त्याच्याच भांड्यात रांधतात, त्याच्याच कोंबड्या कापतात, आणि हलत नाहीत. माझ्या मावशीकडे नऊ दिवस बसल्या होत्या. दहाव्या दिवशी मावशीच घर सोडून गेली.

निकाल असा — पांढरा कोंबडा घेऊन यायचं आणि त्यांच्या अंगणात म्हाताऱ्याचं नाव पुन्हा जिवंतांत गायचं. तोवर कुठेही तोंड उघडायचं नाही.

२० नोव्हेंबर

ओनिचाहून रेकॉर्डवाल्याचा निरोप. "आधी ते प्रकरण मिटवा, बाई. मग बघू."

म्हणजे नवी रेकॉर्ड गेली. आणि तोंडावर ख्रिसमस, सगळा गाव घरी येतो, वर्षाची निम्मी कामं या एका महिन्यात. सासरे म्हणायचे, "गिटारमागे फिरणारी बाई घराला लागत नाही." तरी मी फिरले. लढाईत गिटारी गेल्या, दोन वादक गेले, तरी पुन्हा बँड उभा केला. आठ रेकॉर्डी केल्या. रेकॉर्डवर माझा फोटो, माझं नाव — उरिडिया आणि मंडळी. पुरुष बँडवाले हसायचे, मग माझ्याच चाली उचलायचे.

हे सगळं एका नावापायी जाणार का? भीती वाटते. फार वाटते.

२३ नोव्हेंबर

आवाज बसला. आईने कडू कोला चघळायला दिला. "घसा धडधाकट आहे तुझा," म्हणाली. "घाबरलीयस, दुसरं काही नाही."

२६ नोव्हेंबर

गाऊन आले!

अंगणात शिड्या, घराला नवा पिवळा रंग. ख्रिसमसची तयारी जोरात. म्हाताऱ्याच्या खोलीची खिडकी बंद, पडदा ओढलेला. "उन्हाचा त्रास होतो त्यांना," सुनेने सांगितलं. मी कोंबडा ठेवला, बोनिफेसला आवर्तन पूर्ण वाजवू दिलं, मनात मोजलं, आणि मगच नाव घेतलं — न्झे ओकोरोजी, बसा, खा, नातवंडांची लग्नं बघा! सुरुवातीला आवाज फुटेना. मग फुटला.

आणि आतून खोकला ऐकू आला! जाड, म्हाताऱ्या माणसाचा. मी तिथेच रडायला लागले.

थोड्या वेळाने लिव्हिनस आतून बाहेर आला. "बाबा खूश झाले. म्हणाले, पोरीचा आवाज अजून तसाच आहे." कोला त्यानेच फोडला.

३० नोव्हेंबर

दार वाजलं की आधी फटीतून बघते. बायका आहेत का?

११ डिसेंबर

बाजारात अमाओफोची जी बाई भेटेल तिला विचारते, न्झे कसे आहेत? "आराम करतायत." तुम्ही बघितलंत? "मी नाही बाई." चर्चला आले नाहीत. गावच्या बैठकीलाही नाहीत.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस! तो जाणारच की कधीतरी. पण आता गेला तर खुनी मी. रोज सकाळी मेणबत्ती लावते — देवा, त्याला वर्षभर तरी ठेव. स्वतःच्या बापासाठी एवढं मागितलं नव्हतं.

२५ डिसेंबर

काम नाही. न्झे बाहेर दिसेपर्यंत मला कुणी बोलवत नाही. लोक नाचतायत, दुसऱ्यांच्या बँडवर.

२९ डिसेंबर, बुधवार

लिव्हिनस आला, डोकं भादरलेलं. मी आधी त्याच्या मागे बायका आहेत का ते बघितलं. संपलं, म्हटलं.

त्याने छापील कागद पुढे केला. वर म्हाताऱ्याचा लाल टोपीतला फोटो. खाली — मृत्यू, २ नोव्हेंबर १९८२. मी तीनदा वाचलं. दोन नोव्हेंबर! मी नाव घेतलं ते तेराला.

"थोरला लंडनहून यायचा होता," तो खाली बघून म्हणाला. "घर रंगवायचं होतं. तोवर बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं. आमच्याकडे न्झे असाच जातो, सगळं जमेपर्यंत नुसता आराम करतो. एवढे दिवस शवागारात होता, आणि मी त्याच्या आयुष्यासाठी मेणबत्त्या जाळत होते.

"कार्य आठ जानेवारीला आहे, मॅडम. तुम्हीच गायचं. बाबा तसं सांगून गेलेत."

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

तो तोंडावर मूठ धरून खोकला — जाड, म्हाताऱ्या माणसासारखा, त्या दिवशी आतून ऐकू आला होता तसाच.