अख्खं मस्कत, एक घर सोडून

साउथहॅम्प्टन,
नोव्हेंबर २००६

प्रिय इरावती,

सुखरूप पोचलो. इकडे नेहमीचंच, चिरचिर पाऊस आणि दुपारीच अंधार. तुझे बाबा मात्र अजून मस्कतमध्येच आहेत. दिसेल त्याला धरून फोटो दाखवतात. काल मंडळाच्या दिवाळी पार्टीत लोक फराळ सोडून पळाले.

मशिदीतला तो गालिचा आणि ते झुंबर बघून डोळे दिपले, खोटं कशाला बोलू? माझा स्कार्फ सारखा घसरायचा आणि तू न बोलता नीट करायचीस. राजवाडा बाहेरून पाहिला, निळे-सोनेरी खांब, दोन्हीकडे किल्ले. बाबांनी लगेच पोर्तुगीजांवर लेक्चर सुरू केलं ते थेट वसईला जाऊन थांबले. तू हसलीस, अगदी शाळेतल्यासारखी. चार दिवस अख्खं मस्कत दाखवलंस गं. फक्त तुझं घर सोडून.

सलीमशी तुझं लग्न झालं तेव्हा बाबांनी काय सांगितलं होतं, विसरले नाहीये मी. म्हणे, आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवत नाहीत. जन्मात कधी रूढी न पाळणारा माणूस, बरी ऐन वेळी आठवली! मी तेव्हाच तोंडावर सुनावलं होतं त्यांना. यंदा त्यांचं त्यांनाच उमजलं, आपणहून तिकिटं काढली. आणि तू एअरपोर्टवरच गोड आवाजात म्हणालीस, बाबांचा रूल कशाला ब्रेक करायचा, हॉटेल बुक केलंय. बाबा मुकाट्याने बॅगा उचलून चालू लागले. मनात म्हटलं, भोगा आता आपल्या कर्माची फळं.

शेवटच्या दिवशी मत्रहच्या बाजारात गेलो. बाबा बाहेर समुद्राचे फोटो काढत होते. त्या कच्छी लोबानवाल्याने तुला ओळखलं आणि हिंदीत विचारलं, आज मुन्नाला कुणाकडे ठेवलंत? तुझा हात पर्समध्येच राहिला. तू अरबीत काहीतरी पुटपुटलीस, तो बिचारा ओशाळला. तुला वाटलं, आई लोबान हुंगण्यात दंग आहे. अगं, बहिरी नाहीये मी!

म्हणजे मूल झालंय. रूढीसुद्धा संपली, आता तर दार उघडायला हवं होतंस. बाबांवरचा तुझा राग मला कळतो. पण मी तुझं काय घोडं मारलं होतं? बाळंतपणात तुझ्या उशाशी कोण होतं? तुला डिंकाचे लाडू कुणी दिले? विमानात मी तोंड फिरवून रडले आणि बाबांना सांगितलं, कान दुखतोय.

त्यांना अजून काही बोललेले नाही. कळलं तर हाय खातील. तुला बोलवायला हे पत्र नाही, आम्हाला बोलव म्हणून तर मुळीच नाही. फोटोही नको पाठवू. फक्त त्याचं नाव कळव. त्या दुकानदाराला ठाऊक असेल, आजीला नाही.

रागावलेली, तरीही तुझीच,
आई