कुलूप हा शब्द गाळल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
शहर पोलीस ठाणे.

विषय : पंचनाम्यातील 'तोडून' या शब्दाऐवजी 'सोडून' असे करून मिळणेबाबत.
संदर्भ : मंगळवारचा पंचनामा, ओळ अकरावी.

महोदय,

माझा उजवा हात दोन ठिकाणी मोडल्याने मी सांगत आहे व माझ्या वहिनी लिहीत आहेत. (अक्षर माझे आहे. – वहिनी)

१. मी लेथवर काम करतो. ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलपासून मी घरी एक कुलूप बनवले. चार वर्षे लागली. जाहिरातीची ऐपत नव्हती, म्हणून ते गाळ्याच्या दाराला लावून वर पाटी टांगायची ठरवली : 'हे कुलूप तोडून दाखवा'. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. 'हे' आणि 'कुलूप' मी गाळले. कुलूप डोळ्यांसमोर लटकत असताना लिहायचे कशाला?

२. पहिले दोन तास लोकांनी कुलूपच तोडून पाहिले. पहार वाकली, एकाचा अंगठा फुटला, गर्दी वाढली. जाहिरात झकास चालली होती. मग माझे थोरले बंधू घण घेऊन आले. आम्ही एकाच घरात राहतो, बोलणे दोन वर्षे बंद आहे. (घण घरातलाच. मला ओळखीचा आहे. – वहिनी) त्यांनी कुलपावर तीन घाव घातले. गर्दीतून कोणी ओरडले, "दादा, धाकट्यानं नाक कापलं की!" त्यावर बंधूंनी पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "काय तोडायचं, ते लिहिलंय कुठं?"

३. त्यानंतर दार. चौकट. खिडकी. मी मधे पडलो तेव्हा माझा हात. पहिला घाव कोपरावर, दुसरा मनगटावर. दुसऱ्याआधी त्यांनी पाटी पुन्हा वाचून दाखवली. लोक टाळ्या वाजवत होते. मग दोन दात. कुलपावर माझे रक्त होते, ओरखडा एकही नव्हता.

४. तरी पंचनाम्यात 'आरोपीने कुलूप तोडून सर्व मालाची नासधूस केली' असे आहे. या एका ओळीवरून हार्डवेअरवाल्यांनी दोनशे नगांची मागणी रद्द केली. "तुटणारी कुलपं माझ्याकडे ढीगभर आहेत," म्हणाले. हाताबद्दल माझी तक्रार नाही. हात भरून येतो. (येणार नाही. डॉक्टर मला म्हणाले.)

५. चूक दाखवण्यासाठी मी ठाण्यात ते कुलूप किल्लीने उघडून दिले. हवालदारसाहेबांनी "बघू तरी" म्हणत ते कोठडीला अडकवून खटकन दाबले. आत बंधू होते. त्यानंतर मी किल्ली दिलेली नाही. बंधूंचा जामीन होऊन तीन दिवस झाले. आजवर आपली तीन करवतीची पाती, एक ड्रिल आणि हवालदारसाहेबांची दोन बोटे खर्ची पडली. बंधू आतून गजांवर कपाळ आपटून घेतात, असे ऐकतो. याहून चांगली जाहिरात मला परवडली नसती.

६. तरी 'तो'चा 'सो' करावा. एकच अक्षर आहे, आणि आपल्याकडे अक्षराला पैसे पडत नाहीत. दुरुस्त प्रत शिक्क्यासह हाती पडताच किल्ली हजर करतो.

दुरुस्तीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
कुलूपवाला
सोमवार

सोबत :
१. पाटी, डागांसह
२. दात, दोन नग
३. किल्ली : जोडलेली नाही. (भाऊजींना वाटते ती त्यांच्या उशीखाली आहे. ती माझ्याकडे आहे. अक्षर जरूर सुधारावे, पण उघडण्याची घाई करू नये. मंगळवारपासून आमच्या घरात काही तुटलेले नाही. – वहिनी)