पिवळ्या धाग्याची कणसं

अप्पा, तुम्ही चुकला होतात. आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर मला वाक्य पुरं करू दिलं नसतंत. ‘बास, फार शहाणी झालीस’ म्हणत चष्मा पुसायला घेतला असतात. जाऊन बावीस वर्षं झाली तुम्हाला, आता तरी निमूट ऐका. त्या हिवाळ्यात धारवाडच्या फार्मावर संकरित ज्वारीची कणसं पोचट निघाली, त्यात परागाच्या कामावरच्या अक्काचा काडीचाही दोष नव्हता. दोष होता तुमच्या लाडक्या नर ओळीचा.

तुमची शिस्त आठवते मला. प्लॉटमध्ये नर ओळी वेगळ्या, मादी ओळी वेगळ्या. मादीला स्वतःचे पराग नसतात, म्हणून बायका सकाळी नराच्या कणसावरची कागदी पिशवी हळूच टिचकी मारून काढतात, आत पडलेले पराग मादीच्या कणसावर झाडतात आणि वर पिशवी चढवून धाग्यानं बांधतात. परागांना त्या सगळ्या हिट्ट म्हणतात, कानडीत पीठ. आणि प्रत्येकीचा धागा वेगळ्या रंगाचा, ही तुमची अक्कल. कुणाचा हात चालला नाही ते लगेच कळावं म्हणून! अक्काचा धागा पिवळा. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र, आणि दर रविवारी तुमच्याबरोबर येऊन तिच्या पिशव्यांवर तारखा घालत असते. ती मला ‘बाळक्का’ म्हणते आणि डब्यातली शेंगा चटणी निम्मी माझ्या भाकरीवर ओतते.

महिन्याभरानं पिशव्या सोडल्या, तर पिवळ्या धाग्याची सगळी कणसं रिकामी. लाल भरलेली, हिरवी भरलेली, पिवळी फुसकी. झालं! तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं केलंत. “हात कुठं होता तुझा? लक्ष कुठं होतं?” ती पदर खोचून म्हणाली, “साहेबरऽ, हिट्ट इर्लिल्लरी.” पीठच नव्हतं म्हणाली. तुम्ही हसलात अप्पा. नराला पराग नाहीत म्हणे! एवढी तरारलेली, पुरुषभर उंचीची ओळ, तिला पराग नाहीत? बारा वर्षं परागाचं काम केलेल्या बाईला तुम्ही दुसऱ्या दिवशी खुरपणीला लावलंत आणि हंगाम संपल्यावर परत बोलावलंच नाहीत. घरी आई म्हणाली, “अहो, एकदा तिचं म्हणणं नीट ऐकून तरी घ्यायचं की.” तुम्ही म्हणालात, “तू भाकरी थाप.” आई नंतर बराच वेळ पीठ मळत बसली. मग म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी.” तेही तुम्ही ऐकलं नाहीत.

यंदाच्या पौषात गोकुळ रोडवरच्या आमच्या बियाण्याच्या लॅबमध्ये तशीच रिकामी कणसं आली. आमचा नवा अधिकारी, नुसता बोलका पोपट, खुर्चीतून न उठता म्हणाला, “मॅडम, धागा कुणाचा आहे बघा आणि त्या बाईला काढा.” तुमची धाग्याची रीत अजून चालू आहे हो अप्पा, अभिमान वाटून घ्या! माझं डोकंच फिरलं. मी त्याच नर ओळीची उशिरा निघालेली, अजून न उमललेली कणसं मागवली, परागकोश काचेवर चिरडले, आयोडीनचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं. चांगला पराग काळाभोर दिसतो, पिठानं भरलेला. हे सगळे पांढरे, चिमटलेले, पोकळ. पोपटाला म्हटलं, या, बघा, आणि बाईला नाही, थंडीला नोटीस काढा.

कारण पराग उमलायच्या दिवशी बिघडत नाही. ज्वारी पोटरीत असते, कणीस अजून पानाच्या आवरणातच असतं, तेव्हाच आत पराग घडत असतात. त्या चार-सहा दिवसांत रात्री गारठल्या की ते रिकामे राहतात. बाहेरून काही कळत नाही. ओळ तशीच ऐटीत उभी. पंधरवड्यानं ऊन छान पडलेलं असतं, कणीस उमलतं, पिशवी झटकावी तर काही नाही, आणि जिच्या हातात पिशवी ती गुन्हेगार!

मग घरी येऊन तुमच्या वह्या काढल्या. रोज सकाळी फार्मावरचा थर्मामीटर बघून नोंद करायचात, आजारी असलात तरी चुकायचा नाहीत. तो हिवाळा सापडला. अक्कानं परागाचं काम केलं त्याच्या पंधरवडा आधीची पाच दिवसांची नोंद, तुमच्याच रेखीव अक्षरात: ‘रात्री कडाक्याची थंडी. आज पेटीतून स्वेटर काढला.’ आणि त्याच पानावर खाली: ‘नर, पहिली पेरणी, पोटरीत.’ काही दिवस मागून पेरलेला, दुसऱ्या पेरणीचा नर तेव्हा अजून लहान होता, तो वाचला. लाल-हिरव्या धाग्यांना तुम्ही त्या दुसऱ्या ओळी दिल्या होत्यात आणि अक्काला पहिली. तुम्हीच वाटून दिलेल्या! स्वतःला थंडी वाजली तर स्वेटर काढलात, अप्पा, आणि दोन ओळी खाली लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही. कपाळाला हात लावला मी.

एवढं लिहून तुमच्यावरचा राग खरं तर संपायला हवा होता. पण एक गोष्ट राहिली, ती तुम्हालाही माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, “तू होतीस ना तिथं? काय करत होती ती?” आणि मी म्हणाले, “बोलत होती.” खोटं नव्हतं. पराग झाडायच्या दिवशी ती माझ्याशीच बोलत होती. पिशवी माझ्या तळहातावर उलटी करून म्हणत होती, “बघ ग बाळक्का, हिट्ट नाही. अप्पांना सांग.” माझा तळहात कोरडा होता. मी बघितलं होतं. तुमचा चेहरा बघून माझी जीभच उचलली नाही.

अक्का आहे अजून. दाजीबानपेठेत लेकीकडं असते, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. यंदा दोनदा मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि नको असलेलं ब्लाउजपीस घेऊन परत आले. तुमच्यावर ओरडणं सोपं आहे, तुम्ही उलटून काही विचारत नाही. ती विचारेल. हे पत्र तुमच्या वहीत, स्वेटरच्या पानात ठेवते आहे. पत्ता माझ्याकडं तिचा आहे, आणि लिहीत बसले तुम्हाला.