पडल्याची वेळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आज राजाजीनगरच्या घरी रुजू झाले. नागपूरच्या मानाने इथली हवा इतकी मऊ आहे की स्टेशनवर उतरल्यापासून उगाचच हसू येतंय. घर तळमजल्याचं, लाल कोब्याची गुळगुळीत जमीन, मागे छोटं अंगण. मला अंगणालगतची खोली दिली आहे.

अप्पासाहेब एक्याऐंशी वर्षांचे. सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. साठ वर्षं बेंगळुरात काढल्यामुळे बोलतात मराठी, पण मधेच कन्नडात शिरतात. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणतात. मुलगी यशश्री महादेवपुऱ्याला नोकरी करते, तिथेच राहते, रविवारी येते.

काम अवघड नाही. आंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या. हृदयाचे ठोके अनियमित आहेत, म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला रक्त पातळ ठेवायची गोळी असते. यशश्रीताईंनी दोनदा बजावलं की बाबांना कुठे साधं लागलं तरी लगेच फोन करा. मी म्हटलं, अकरा वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली आहेत, निर्धास्त राहा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बीपीची वही अप्पासाहेब स्वतः लिहितात. छापल्यासारखे आकडे, एका रेषेत. माझा सात त्यांना पसंत नाही. आज पेन्सिलीला टोक करून मला सात शिकवला. भाजीवाल्याशी बोलायला ‘स्वल्प कम्मी माडी’, म्हणजे थोडं कमी करा, हेही शिकवलं. भाजीवाला हसला आणि मूठभर कोथिंबीर जास्त दिली.

संध्याकाळी मैत्रेयीशी बोलले. लेक हॉस्टेलवर एकटी आहे, पण माझा आवाज ऐकून म्हणाली, आई, तू खूप दिवसांनी खूश वाटतेस. खरंच आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पावणेदहाला अप्पासाहेब आंघोळीला गेले आणि मैत्रेयीचा व्हिडिओ कॉल आला. प्रॅक्टिकलला पहिली आली होती. दाराजवळ आवाज तुटत होता, म्हणून मी अंगणात गेले. पाच मिनिटं असतील. दहा असतील.

धप्प आवाज आला. धावत गेले तर ते बादलीशेजारी बसले होते. डोक्याची मागची बाजू नळावर आपटली होती. रक्त नाही, फक्त टेंगूळ. स्वतःच हसले आणि म्हणाले, “यशूला सांगू नका हं अक्का. ती मला तिच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी नेऊन ठेवील.”

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो कितीही ठीक दिसला तरी स्कॅन करायचा. हे मी शिकाऊ मुलींना शिकवलं आहे.

त्यांनी सांगू नका म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. बर्फ लावला. आठला गोळी दिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दर दोन तासांनी नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद तपासली. सगळं ठीक. टेंगूळ उतरलंय. गोळी थांबवावी असं मनात आलं, पण का थांबवली हे सांगावं लागलं असतं. दिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

यशश्रीताई आल्या. माझ्यासाठी सुती साडी आणली. म्हणाल्या, “स्मिताताई, तुम्ही आल्यापासून मला झोप लागते.” त्या चहा गाळत होत्या, अप्पासाहेब बाहेर होते. याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, एक सांगायचं होतं. त्यांनी वळून बघितलं. आणि माझ्या तोंडातून निघालं की थर्मामीटरचा सेल संपलाय.

सेल संपलेला नव्हता. मला ते म्हणायचंही नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पासाहेबांचं डोकं दुखतंय. दाढी करताना डावा गाल तसाच राहिला. अकराच्या सुमारास पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “यारो बिद्दिद्दारे.” मला कळेना. मग मराठीत सांगितलं: बाथरूममध्ये कुणीतरी पडलंय, त्याला उठवा.

मी जाऊन बघितलं. बाथरूम कोरडं होतं. परत येऊन सांगितलं, कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने, आणि म्हणाले, “तेव्हाही तुम्ही उशिराच आलात.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहीतले आकडे घसरले आहेत. रेघ सोडून खाली, कोपऱ्यात गेले आहेत. डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहते आणि त्यांना कळत नाही.

म्हणाले, तो आता सरपटत बाहेर आलाय. पॅसेजमध्ये आहे. मी बघायला गेले नाही, पण स्वयंपाकघरात जायला तोच रस्ता. लाल जमिनीवर ओला डाग होता. पाच बोटं स्पष्ट. सकाळपासून कुणी बाथरूमला गेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पुसला.

डोकेदुखी, चप्पल, अक्षर. या तिन्हींचा अर्थ मला कळतो. कवटीच्या आत रक्त थेंब थेंब साचतंय. आणि मी सकाळ-संध्याकाळ ते पातळ ठेवते आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गोळी तळहातावर घेऊन किती वेळ उभी होते. दिली.

आज दोन पंजे. माझ्या खोलीच्या दाराशी. पुसले की पाच मिनिटांनी पुन्हा —

२३ फेब्रुवारी, रविवार

यशश्रीताई कामासाठी चेन्नईला. फोन आला, बाबा कसे आहेत. अप्पासाहेब अकरा वाजले तरी उठले नव्हते. मी म्हणणार होते, आत्ता या. माझा आवाज मला ऐकू आला: “छान आहेत. आराम करताहेत.” स्वच्छ, प्रेमळ आवाज. वॉर्डात नातेवाइकांशी बोलायचा तो.

ठरवूनही — तोंड माझं राहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

आठची गोळी दिली. नऊला त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. म्हणाले, तो तिथे बसलाय. रागावलेला नाही. तुम्ही बोलायची वाट बघतोय.

मी खुर्चीला हात लावला. गादी ओली —

मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते बसल्या जागी कलंडले. मी धरलं. जमिनीला टेकूसुद्धा दिलं नाही. या वेळी धरलं.

त्याच दिवशी, हॉस्पिटल

बाकावर बसून लिहिते आहे.

यशश्रीताई आज सकाळच्या विमानाने परतणारच होत्या, विमानतळावरून थेट आल्या. डॉक्टर गुरुराज तरुण आहेत, मराठी समजतं. आल्याबरोबर विचारलं, कधी पडले? मी म्हटलं, आज, नऊला, खुर्चीवरून. डोकं आपटलं.

मी असं का म्हटलं —

स्कॅन झाला. ते बाहेर येऊन म्हणाले की डोक्यात जुनं रक्त दिसतंय, दहा-बारा दिवसांचं, आणि त्यावर ताजं. आधी कधी पडले होते का? यशश्रीताईंनीच उत्तर दिलं. नाही, पडले असते तर स्मिताताईंनी मला सांगितलं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला होता.

डॉक्टर म्हणाले, गोळीचा असर उतरवायचं औषध चालू करतो आहोत. रक्तस्राव आवरणारं दुसरं एक इंजेक्शन आहे, पण ते मार लागल्यापासून तीन तासांच्या आतच द्यायचं. उशिरा दिलं तर उपयोग नाही, उलट गुठळी होऊ शकते, आणि यांचं हृदय आधीच तसलं. आज नऊला मार लागला असेल तर अजून वेळ आहे. नक्की ना?

मी मान हलवली.

पावणेबारा. सिस्टर इंजेक्शन भरायला गेली आहे. काचेतून दिसते. शेजारची जागा रिकामी आहे, पण मी तिकडे बघत नाही. माझी साडी त्या बाजूने गार लागते आहे.

यशश्रीताई म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून वेळेत आणलं.

सिस्टर ट्रे घेऊन निघाली. उठते. वाक्य आधी लिहून घेते, मग वही उघडी धरून वाचेन, म्हणजे तोंडातून दुसरं काही निघणार नाही. आज ते पडले नाहीत. अप्पासाहेब अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, बाथरूममध्ये पडले. मी दाराशी नव्हते, मी अंगणात फोनवर होते, आणि त्यानंतर तेरा दिवस मी त्यांना —