आत्याच्या सिगारी आणि ओलाव्याचा काटा

४ मार्च

"बाईनं सिगार ओढू नये म्हणणाऱ्याला आधी विचारावं — त्याला धूर नको आहे, की बाई?"

मी लहान असताना आत्या हे बाबांना म्हणाली होती. बाबा उठले आणि तिच्या राखेसाठी बशी शोधायला गेले. आज दिवसभर तेच वाक्य डोक्यात घोळतंय. कारण आज आत्याच्या सिगारी माझ्या घरी आल्या!

झालं असं. गेल्या महिन्यात आत्या न्हाणीघरात घसरली. मोडलं काही नाही, पण ऐंशीच्या घरातली बाई, एकटी. मी तिच्या मागेच लागले, की माझ्याकडे राहायला ये. लेक परगावी शिकायला गेली, तिची खोली रिकामी. नवरा केव्हाच वेगळा झालाय. नको म्हणायला आहे कोण इथे? आत्या आठवडाभर टाळत राहिली. काल फोनवर म्हणाली, "आधी महिनाभर माझ्या सिगारी राहू देत तुझ्याकडे. त्या नीट राहिल्या, तर माझं बघू." वर अट — त्या कशा ठेवायच्या, ते तिला काही म्हणजे काही विचारायचं नाही.

पेटी जेवणाच्या टेबलावर आहे. जन्मभर बंदरावर मालाची तपासणी केली हिनं. आता माझी तपासणी!

५ मार्च

सिगारीला ओलावा लागतो. सत्तर टक्क्यांच्या आसपास. कमी झाला की पान तडकतं, जास्त झाला की बुरशी. थोडक्यात, सिगार म्हणजे आत्याच.

ओलावा राखायच्या तऱ्हाही भरपूर. स्पंज — डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पेटीत ठेवायचा. बरणीतले जेलचे मणी. नाहीतर पुड्या — त्या म्हणे जास्तीचा ओलावा शोषतात आणि कमी पडला की सोडतात, आपल्याला काही बघावं लागत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारते, हे बरं की हे? आज स्वतःवर वेळ आली तर अर्धा तास तंबाखूवाल्याच्या दुकानात उभी! त्याचा चेहरा अगदी कोरा. म्हणाला, विसराळू माणसानं पुड्या घ्याव्यात, लक्ष ठेवणाऱ्यानं स्पंज.

मी स्पंजच घेतला. मी लक्ष ठेवणार! आणि ओलावा मोजायचं एक पितळी, गोल, गोंडस यंत्र. त्याच्या काट्याच्या मी प्रेमातच पडले.

७ मार्च

काटा एकसष्टवर. पाणी घातलं.

८ मार्च

त्रेसष्ट. पुन्हा पाणी. दुकानात सोबतची बाई म्हणाली की मी सकाळपासून गुणगुणतेय, काय भानगड आहे? म्हटलं, पाहुणे येणार आहेत.

११ मार्च

सत्तर! सत्तर, सत्तर, सत्तर! स्वयंपाकघरात गिरकी घेतली, कोपर कपाटावर आपटलं, तरी हसतच होते. आत्याला फोन केला. विचारलं काहीच नाही, नुसतं सांगितलं — स्पंज, पाणी, काटा, सगळं. ती हं, हं करत राहिली. फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता.

लेकीलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू त्या सिगारींशी बोलतेस का?" मी म्हटलं, वेडी आहेस का तू.

बोलते. थोडंसं.

१९ मार्च

मेले!

पेटी उघडली तर ओल्या पायपुसण्यासारखा वास. सिगारी फुगलेल्या. एक तर टोकाला उलून चक्क फूल झालीय. आणि काटा? सत्तरवर! साळसूद!

मग शोधाशोध. काटा खरा की खोटा ते मिठानं कळतं म्हणे. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे थेंब, आणि तो काटा, असं सगळं एका पिशवीत घट्ट बंद करून ठेवायचं. रात्रभरात आतला ओलावा बरोबर पंचाहत्तर होतो, काट्यानंही तेवढाच दाखवायला हवा.

२० मार्च

सहासष्ट दाखवतोय. म्हणजे माझे सत्तर हे जवळजवळ ऐंशी होते. आठवडाभर मी त्या बिचाऱ्यांना बुडवत होते.

आणि मी कोण? रोज सकाळी दुकान उघडलं की आधी नंबर ठाऊक असलेलं भिंग लावून यंत्र तपासून घेते. त्याशिवाय गिऱ्हाईकाला खुर्चीवर बसू देत नाही. पण घरी? काटा गोंडस दिसला, ठेवला विश्वास. वर जे ऐकायचं होतं तेच तो सांगत होता ना!

पुड्या आणल्या. तंबाखूवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२१ मार्च

स्पंज बाहेर. पेटीचं झाकण थोडा वेळ उघडं, मग पुड्या आत, मग झाकण बंद. उघडून बघायला हात नुसते शिवशिवतायत. स्वतःचेच हात मांडीखाली घेऊन बसलेय.

२८ मार्च

सावरल्या! बोटांनी दाबलं की हलकेच दबतात, पुन्हा वर येतात. वास लाकडाचा, मधाचा. काटा चुकतो तेवढे आकडे मिळवून बघते — ठीक आहे. उललेली मात्र उललीच. तिला तळाशी ठेवलं.

न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. खोलीला निळे पडदे. लेकीनं टेबल हलवायला परवानगी दिली, भिंतीवरच्या चित्रांना नाही.

४ एप्रिल

आत्या आली. कोट न काढता पेटी उघडली. एकेक सिगार कानाशी नेली, बोटांत फिरवली, हुंगली. तळापर्यंत गेली आणि उललेली बाहेर काढली. मी तोंड उघडायच्या आत गच्चीत जाऊन तीच पेटवली.

पूर्ण ओढली. मग म्हणाली, "पास."

मी टाळ्या पिटल्या. हात धरून तिला खोलीत नेलं. पडदे दाखवले, दांडी दाखवली. तिनं दांडी हलवून पाहिली. पलंगावर बसली.

"मी येणार नव्हतेच गं," ती म्हणाली. "लेक गेल्यापासून तू फोनवर नुसती हं हं करायचीस. मी विचारीन तेवढंच बोलायचीस. म्हटलं, हिच्या हातात काहीतरी द्यावं."

"आणि घसरलीस ते?"

"ते खरं. दांडी मीही बसवलीय."

रागवायला हवं होतं. पण त्या उललेल्या सिगारीवरून दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तिनं माझी पाठ थोपटली. पेटी इथेच ठेवून गेली.

५ एप्रिल

दांडी तिच्यासाठी, पडदे तिच्यासाठी, असंच म्हणत होते मी. काल दार लावून घेतलं तेव्हा कळलं, हे घर मलाच नको झालंय. तिच्याकडे मागची खोली आहे. पेट्या, छत्र्या नि जुनी वर्तमानपत्रं भरलेली.

दुकानातून परस्पर तिच्याकडे जाणार आहे. नाहीच म्हणेल. "मला गर्दी सोसत नाही," म्हणेल. तरी दारातच विचारणार — आत्या, मी येऊ का गं तुझ्याकडे राहायला? तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी.